पाच वॅटचा आवाज

श्रावणातल्या त्या सकाळी दत्ताचा संदेश आला नाही. मी घोटीला राहतो, तो नाशिकला पंचवटीत. रोज सकाळी आठच्या सुमारास आम्ही दोघं आपापल्या रेडिओवर बसायचो आणि मोर्सच्या टिंब-रेघांत थोडं बोलायचो. आम्ही दोघं हौशी रेडिओवाले. सरकारी परवाना घ्यायचा, गच्चीवर एक वायर ताणायची आणि घरात बसून जगातल्या तसल्याच वेड्यांशी बोलायचं, असा हा छंद. त्या दिवशी इगतपुरीच्या बाजूला विजा चालू होत्या, कानात नुसता खरखराट. म्हटलं, पावसामुळे ऐकू येत नसेल. चहा संपत आला तेव्हा पुण्याहून प्रशांतचा, दत्ताच्या मुलाचा, फोन आला. बेल वाजवूनही दार उघडेना म्हणून दूधवाल्याने शेजाऱ्यांना बोलावलं होतं... दत्ता झोपेतच गेला होता.

आम्हा रेडिओवाल्यांमध्ये कोणी गेलं की ‘सायलेंट की’ म्हणतात. मोर्स वाजवायची ती छोटी पट्टी, म्हणजे की, ती कायमची गप्प झाली असा अर्थ. हा शब्द मी आजवर पुष्कळांसाठी वापरला होता. दत्तासाठी तो काही केल्या तोंडातून निघेना. कारण त्याचा खरा आवाज सात-आठ वर्षांपूर्वीच गेला होता, आणि शेवटपर्यंत बोलत होती ती ही कीच.

तो भाजीचा आडत्या. घरची मखमलाबादकडची शेती, कॉलेज शिकलेला, पण रमला तो बाजारात. पहाटे पहाटे टोमॅटो-कोथिंबिरीचा लिलाव पुकारायला उभा राहिला की बाजाराच्या दुसऱ्या टोकाला चहा पिणाऱ्याला भाव कळायचा. मी टेलिफोन खात्यात होतो. कॉलेजात असताना रेडिओचा नाद मीच त्याला लावला, परवान्याच्या परीक्षेलाही आम्ही बरोबरच बसलो. पुढे माझ्याकडे मोठी यंत्रं आली. दत्ता मात्र पाच वॅटवर अडून राहिला. देवघरात रात्रभर जळणाऱ्या बारक्या दिव्याएवढी ही वीज. तेवढ्यावर स्वतः जोडलेला त्याचा संच चालायचा. मी चिडवायचो, एवढ्या दणकट आवाजाच्या माणसाने असं कुजबुजत का बोलावं? तो म्हणायचा, “ओरडायचं काम बाजारात लय होतं रे. इथं कोणी कान देऊन ऐकतं का, ते बघायचंय.”

एवढ्याशा विजेवर सगळं मग आभाळाच्या मर्जीवर. आपल्या लहरी सरळ जात नाहीत. त्या वर जातात, उन्हामुळे आभाळात उंचावर जो थर तयार होतो त्यावरून परत फिरतात आणि कुठेतरी लांब उतरतात. तो थर ऋतूप्रमाणे बदलतो. एखादी वाट नवरात्राच्या सुमारास उघडते, उन्हाळा लागला की बुजते. दत्ता त्यालाही बाजाराचीच भाषा लावायचा. “आज युरोपची आवक चांगली आहे,” म्हणायचा, नाहीतर, “बाजार पडलाय, एक गिऱ्हाईक नाही.” कधीकधी त्याला जवळची घोटी ऐकू यायची नाही आणि फिनलंड स्पष्ट यायचं. त्याची त्याला फार गंमत वाटायची.

मग घसा बसला. महिनाभर त्याने ज्येष्ठमध चघळत काढला. तपासणीत कॅन्सर निघाला. स्वरयंत्र काढावं लागलं आणि गळ्याला श्वासासाठी एक भोक राहिलं. दवाखान्यातून घरी आल्यावर लोक भेटायला यायचे, मोठमोठ्याने बोलायचे, जणू त्याचे कानच गेलेत. प्रशांतने लिहायला पाटी आणून दिली. दत्ताने ती हातात धरली नाही. लिलाव पुतण्या पुकारू लागला. एक-दोनदा दत्ता तिथे जाऊन उभा राहिला, नंतर जाणं सोडलं. रेडिओवर कापड टाकलेलं होतं ते तसंच राहिलं.

मी आठवड्यातून एकदा घोटीहून जायचो. काय बोलायचं सुचायचं नाही. एकदा चहा पिता पिता मी सहज चमचा कपावर वाजवला, मोर्समध्ये, “साखर कमी आहे.” दत्ता माझ्याकडे बघत राहिला. मग टेबलावर नखाने उत्तर आलं, “डॉक्टरांनी तुला पण सांगितलंय.” आम्ही दोघं हसलो. त्याच्या हसण्याला आवाज नव्हता, नुसते खांदे हलत होते. सुमनवहिनी आतून बाहेर आल्या, काय झालं म्हणून. मी सांगितलं तशा तिथेच पाटावर बसल्या आणि म्हणाल्या, “भावजी, मला पण थोडं शिकवा ना. हे आता दिवसभर माझ्याशी काहीच बोलत नाहीत.”

सगळं मोर्स काही त्यांना जमलं नाही. पण त्यांच्या नावाचा ‘एस’ म्हणजे तीन टिंबं, एवढं पक्कं झालं. दत्ताने तीन टिचक्या मारल्या की त्या स्वयंपाकघरातून ओ द्यायच्या. रेडिओवरचं कापडही निघालं. एका संध्याकाळी मी पाहिलं तर तो ताठ बसून की वाजवत होता, लिलावाला उभा राहायचा तसाच. तिकडच्या माणसाला कुठे माहीत, याच्या गळ्याला भोक आहे म्हणून!

हे सुख दोन वर्षं टिकलं. वहिनी हृदयविकाराने गेल्या, दत्ताच्या आधी. प्रशांतने पुण्याला चला म्हणून खूप आग्रह केला. हा गेला नाही. घरात टिचकीला ओ द्यायला कोणी उरलं नव्हतं, तरी राहिला. दुपारचं जेवण झालं की रेडिओ लावायचा. थंडीच्या मोसमात फिनलंडमधला हेइक्की नावाचा एक म्हातारा त्याला जवळजवळ रोज रेडिओवर भेटायचा. दोघं तासन्‌तास काय बोलायचे, मी कधी विचारलं नाही.

दत्ता गेल्यावर प्रशांत म्हणाला, त्या फिनलंडच्या गृहस्थांना ईमेल पाठवू का? मी नको म्हटलं. ज्या वाटेने त्यांची ओळख झाली त्याच वाटेने कळवावं असं वाटलं. त्यासाठी थांबावं लागलं. पावसाळाभर ती वाट बंदच होती. नवरात्र संपता संपता प्रशांत घर आवरायला आला, तेव्हा मी पंचवटीला गेलो. दत्ताच्याच खुर्चीत बसलो, त्याच्याच संचावर, पाच वॅटवर, माझ्या परवान्याची खूण लावून हेइक्कीला हाक मारली. बराच वेळ काही नाही. मग खोलवरून, विहिरीतून यावं तसं, बारीक उत्तर आलं. मी कळवलं, दत्ता गेला.

पलीकडून नुसती खरखर. मला वाटलं, वाट बुजली. पण तो होता. त्याने सावकाश, एकेक अक्षर तोडून कळवलं की फार वाईट वाटलं. दत्ताने मार्चमध्ये सांगितलं होतं, अजून रोज पहाटे लिलाव पुकारतो, आवाज बाजाराच्या दुसऱ्या टोकाला जातो. तो आवाज एकदा तरी ऐकायचा होता. शेवटी म्हणाला, सुमनला माझा नमस्कार सांगा. ती रोज दुपारी स्वयंपाकघरात गाणं म्हणते ना? दत्ता ते ऐकत ऐकत माझ्याशी बोलायचा.

प्रशांत माझ्या मागे उभा होता. त्याला मोर्स येत नाही. “काय म्हणतात, काका?”

“तुझ्या आईला नमस्कार सांगितलाय.”

तो स्वयंपाकघराच्या दाराकडे बघत राहिला. आतली भांडी त्याने सकाळीच खोक्यांत भरली होती. त्याने विचारलं, “मग तुम्ही काय सांगणार?”

मी कीवर हात ठेवला आणि कळवलं, सांगतो.

तेव्हापासून मी घोटीहून दुपारी हेइक्कीला भेटतो. माझी मोठी यंत्रं बंद असतात, पाच वॅटवरच बोलतो. त्याची बायको जाऊन बरीच वर्षं झालीत, हे त्याने मला आता सांगितलं. तो इकडच्या पावसाची, भाताच्या कापणीची चौकशी करतो. मागच्या रविवारी सिग्नल फार चांगला होता, जवळ बसून बोलावं तसा. निघताना त्याने विचारलं, सुमन आता एकटी कशी राहते?

मी कळवलं, सवय होतेय.