नळाखालचा हात
परवा इंदिरानगरच्या घरी धुण्याचा सोडा पाण्यात कालवताना बोटं बुळबुळीत झाली आणि मी दचकून हात नळाखाली धरला. त्या बुळबुळीत स्पर्शाने शाळेची प्रयोगशाळा आठवते. मी तिथे रसायनशास्त्र शिकवायचो. पाण्यात विरघळणारा आम्लारी म्हणजे अल्क, आणि आम्ल मिसळलं की त्याचा जोर जातो, एवढं फळ्यावर लिहून झालं होतं. तेवढ्यात एका मुलीच्या हातावर कॉस्टिक सोड्याचं द्रावण सांडलं. घरी फुलशेती, सकाळी हार ओवून शाळेत येणारी ती मुलगी. तिनं लगेच हात नळाखाली धरला. नुसत्या पाण्यानं काय होणार, असं वाटून मी तो ओढला आणि प्रयोगासाठी आणलेलं लिंबू त्यावर पिळलं. "सर, आग होतेय! पाणीच बरं होतं," ती कळवळली. "थांब गं, उतरेल आत्ता," मी म्हणालो, पण कातडी पांढरी पडत चालली होती. तिची आई फुलबाजारातून धावत आली. "बोटं वाचतील ना, सर?" मुख्याध्यापक शेजारीच उभे होते. मी म्हणालो, "हिनं वेळेवर पाणी घेतलं नाही." आई मुलीवरच खेकसली, "लय शहाणी! सरांचं ऐकाया काय झालं होतं?" मुलगी माझ्याकडे बघत राहिली. तिची दोन बोटं कायमची आखडली. म्हणून आज लिहून ठेवतो: तिचा हात पाण्याखालीच होता, मी तो बाहेर ओढला.