डावऱ्या खांद्याची रायफल

माझ्या बायकोच्या मामांइतका बेचैन माणूस कोल्हापुरात दुसरा झाला नसेल, आणि बंदुकीपायी इतकं लाकूड फुकट घालवून साठीपर्यंत एकही गोळी न झाडलेला तर अख्ख्या देशात नसेल. उद्यमनगरात त्यांचा पॅटर्नचा कारखाना होता. फौंड्रीत साचे करायला लागणारे लाकडी नमुने ते घडवायचे. हे पोटापाण्याचं काम दुपारी चारला संपायचं आणि मग खरं काम सुरू व्हायचं. तीनशे वारांवरून गव्यासारखं धूड एका गोळीत लोळवील अशी रायफल त्यांना तयार करायची होती. गव्याची शिकार कायद्यानं कधीचीच बंद झालीय, हे त्यांना सांगायची सोय नव्हती. "मारायचाय कुणाला?" ते खेकसायचे. "पर मारता आला पायजे की!"

रायफल मूळची त्यांच्या वडिलांची, आबांची. शिकारीला मुभा होती त्या काळात आबा शाहूवाडीच्या डोंगरात जायचे, पोराला सोबत न्यायचे, पण बंदुकीला हात लावू द्यायचे नाहीत. कारण मामा डावरे. "डावऱ्याच्या हातात बंदूक? खेळ हाय व्हय?" असं आबा एकदा चारचौघांत म्हणाले, आणि ते मामांच्या काळजात रुतून बसलं. आबांच्या माघारी परवाना मामांच्या नावावर झाला. लोखंडी भागाला परवानेवाल्या कारागिराशिवाय हात लावायचा नाही, हे त्यांनी निमूट पाळलं. लाकडी दस्ता मात्र आपल्याच डाव्या खांद्याला आणि डाव्या गालाला बसेल असा स्वतः घडवायचा, असा पण केला. अक्रोड आणला, शिसम आणला, गारगोटीहून कुणाच्या तरी पडलेल्या गोठ्याची तुळई आणली. सुतभर चूक झाली की दस्ता चुलीत. मामी म्हणायच्या, "आमच्यात भात बंदुकीवरच शिजतोय."

मी मुलगी बघायला गेलो तेव्हा पोहे यायच्या आत मामांनी माझा हात कोपरापासून बोटापर्यंत मोजला आणि "माझ्यापेक्षा दोन सूत जास्त हाय," असं नाराजीनं जाहीर केलं. लग्नात मंगलाष्टकं चालू असताना अक्षता कुठल्या बाजूला वाहतात यावरून ते वाऱ्याचा अंदाज घेत होते, आणि आम्ही जोडीनं पाया पडायला गेलो तर मामा जागेवर नाहीत. बोहल्यापासून मांडवाच्या दारापर्यंत पावलं मोजत निघून गेलेले. जेवताना मध्येच उठायचे, बोलता बोलता एक डोळा मिटून समोरच्या गच्चीवरची टाकी न्याहाळायचे. मला तर त्यांच्याशेजारी बसलं की उगीचच आपलं काहीतरी राहून गेलंय असं वाटायला लागायचं.

त्यात ती वर्षं अशी, की दिल्लीत सरकार टिकायचं नाही. निवडणूक लागली की परवान्याच्या बंदुका पोलीस ठाण्यात जमा. दस्ता जमत आला की सरकार पडायचं, रायफल ठाण्याच्या ओलसर खोलीत जायची, लाकूड फुगायचं, आणि निकालानंतर मामा पुन्हा पॉलिश पेपर घेऊन घासायला बसायचे. एकदा सगळं जमलं. नेमबाजीच्या मैदानाची परवानगी मिळाली, मामांनी पत्र्याचा हुबेहूब, खऱ्या आकाराचा गवा कापून काळा रंगवला आणि आम्ही टेम्पो काढला. उचगावजवळ पोलिसांनी अडवलं. आचारसंहिता सकाळीच लागली होती.

"कुठल्या पार्टीची निशाणी ही?"

"निशाणी न्हाय ओ सायेब, गवा हाय."

"म्हंजे अपक्ष?"

रायफल तर जमा झालीच, गवाही झाला. निकाल लागेपर्यंत तो ठाण्याच्या आवारात उभा होता आणि शिपाई त्याच्या शिंगांना ओले रेनकोट अडकवत होते. पत्रा गंजू नये म्हणून मामा दर आठवड्याला जाऊन त्याला रंगाचा हात मारून यायचे.

शेवटी एकदाचा तो दिवस आला, तोवर मामा साठीपार झाले होते. मैदानावर आम्ही दोघं आणि तिथला देखरेखीचा माणूस, एवढेच. तीनशे वारांवर गवा उभा केला. मामा पालथे झोपले, डावा गाल दस्त्याला टेकला, आणि तो हलता-डुलता माणूस एकदम स्थिर झाला. एकच आवाज झाला. मी धावत जाऊन पाहिलं तर गव्याच्या खांद्यामागे, बरोबर काळजाच्या जागी भोक.

मी तिथूनच ओरडलो, नाचलोसुद्धा. परत आलो तर मामा उठून उभे होते आणि मागे वळून रिकाम्या बाकांकडे बघत होते.

"मामा, लागली! काय नेम हो!"

"व्हय," ते म्हणाले. "पर आता दावायची कुणाला, पावणं? आबा कुठं हाईत?"

पुढच्याच महिन्यात त्यांनी आपण होऊन परवाना परत केला आणि रायफल कायमची सरकारजमा केली. नंतर कधीही त्यांच्याकडे जावं तर ते दारातल्या खुर्चीत शांत बसलेले असायचे. लोकांना बरं वाटायचं. मामा निवांत झाले, म्हणायचे. मला मात्र त्यांच्याकडे बघवायचं नाही. ती गोळी चुकायला हवी होती. चुकली असती, तर मामा आणखी दहा वर्षं लाकूड तासत जगले असते.