साडूंनी निवडलेला आवाज

परमेश्वरानं सृष्टी घडवायचं काम आमच्या साडूंकडं सोपवलं असतं, तर पृथ्वीवर अजून एक चिमणीसुद्धा उडाली नसती. तिची चोच आखूड ठेवावी की लांब, याचाच विचार चालू असता. बोरीच्या शाळेत गणित शिकवणारा हा माणूस. फळ्यावरचं उत्तर झटक्यात काढायचा. पण चप्पल घ्यायला गेला की दुकानदार आधी चहा मागवायचा आणि मग घरी जाऊन जेवून यायचा. माझी मेव्हणी म्हणते, "लग्नाला तेवढं यांनी पटकन हो म्हनलं. तेबी यांना वाटलं, चहा घेता का म्हनून विचारायलेत."

अशा माणसाच्या हाती शेकडो आवाजांचं यंत्र लागलं. विद्यापीठाच्या नामांतराच्या वादाची ती अखेरची वर्षं. परभणीतला एक कॉम्प्युटर क्लास बंद पडला आणि तिथला एक कॉम्प्युटर साडूंनी गोधडीत गुंडाळून बोरीला नेला. पुण्याच्या मित्राकडून आवाजाचं कार्ड मागवून आत बसवलं, आणि पेटीसारख्या पट्ट्यांचा एक विजेचा कीबोर्ड वायरीनं त्याला जोडला. पट्ट्या इकडं दाबायच्या आणि स्पीकरमधून कॉम्प्युटरातल्या प्रोग्रामचा आवाज यायचा. प्रोग्राम बदलला की सनई बदलायची, बासरी बदलायची, सारंगीला तर वेगळाच आजार व्हायचा. त्या आवाजांची इंग्रजी नावं साडूंना पटेनात, म्हणून त्यांनी स्वतःच बारसं केलं. एक भरदार सनई होती, ती 'तहसीलदार'. एका रडव्या व्हायोलिनचं नाव 'सासुरवाशीण'. प्रोग्रामला ते 'घर' म्हणत. ते माझ्या ऑफिसात फोन करायचे आणि मोठ्यानं विचारायचे, "साडूभाऊ, सासुरवाशीण दुसऱ्या घरी नेऊन बघितली, पन पयल्याच घरी बरी होती. तुमचं काय म्हननं हाय?" पलीकडचा आवाज साऱ्या ऑफिसला ऐकू जायचा. आमच्या मोठ्या साहेबांनी एकदा मला बाजूला घेऊन सांगितलं, "दुसऱ्याच्या घरच्या भानगडीत पडू नका. बाईमाणसाचा प्रश्न आहे."

मला विचारण्याचं कारण म्हणजे माझा कान. परभणीच्या आमच्या भजनी मंडळात पेटी मी वाजवायचो आणि माझ्यासारखी पेटी जिल्ह्यात कुणाची नाही, असं मंडळात सगळे म्हणत. मंडळात दुसऱ्या कुणाकडं पेटी नव्हती, हेही त्यामागचं कारण असू शकेल; पण तेव्हा ते माझ्या ध्यानात आलं नव्हतं. साडूंनी "तुमचा कान लय तयार हाय" म्हटलं, की मी रविवारची पहिली बस धरून बोरीला हजर व्हायचो. लोडाला टेकून डोळे मिटायचो आणि "यात गाभा नाही", "याला बैठक नाही" असं काहीबाही बोलायचो. गाभा म्हणजे काय, हे त्यांनी कधी विचारलं नाही. ते उपकार मी विसरलेलो नाही.

नव्या प्रोग्रामसाठी ते औरंगाबादलाही गेले. येताना रास्ता रोकोमुळं गाडी देवगाव फाट्यावर अडकली. उन्हाचा कडाका, आणि प्रोग्रामच्या फ्लॉप्या पिशवीत. उन्हानं त्या वाकतील या धास्तीनं त्यांनी फाट्यावरच्या हॉटेलवाल्याला हात जोडले आणि माठाशेजारच्या गारव्यात पिशवी ठेवायला जागा मिळवली. हॉटेलवाल्यानं विचारलं, "काय हाय म्हनायचं आत?" साडू म्हणाले, "बासऱ्या हायत." त्यानं पिशवी चाचपली, त्या चपट्या चौकोनी वस्तू हाताला लागल्या, आणि तो ऊन उतरेपर्यंत साडूंना सावलीतून हलू देईना. उन्हाचा डोक्यावर परिणाम झालाय, असं त्याला वाटलं होतं.

माझ्या कानाचा निकाल मात्र एका दिवाळीत लागला. मंडळाच्या कार्यक्रमानंतर माझी पेटी बोरीला मेव्हणीकडंच राहिली होती. साडूंनी मला लोडापाशी बसवलं आणि एकेक आवाज ऐकवत गेले. मध्येच एक सूर आला. मी डोळे न उघडता म्हणालो, "हा नकली आहे. पत्रा वाजतोय. याला पेटी म्हणणं हा पेटीचा अपमान आहे." डोळे उघडले तर साडू कीबोर्डपासून हातभर लांब उभे, आणि सरकलेल्या पडद्यापलीकडं मेव्हणी माझ्याच पेटीचा भाता हलवत बसलेली. पदर तोंडात धरूनही तिचं हसू थांबेना.

मी चिडून म्हणालो, "अहो, शोधताय तरी काय तुम्ही? कुठलीतरी एक बासरी घ्या आणि मोकळे व्हा!"

साडू खाली बसले. स्पीकरची वायर उगाच नीट करत म्हणाले, "चांगला आवाज न्हाई शोधायलो, साडूभाऊ. आईंना ऐकू येईल असा शोधायलो."

आई म्हणजे आमच्या दोघांच्या सासूबाई. त्यांना दोन मुलीच, म्हणून त्या धाकटीकडं राहायच्या. त्यांचे कान माझ्या लग्नाआधीपासूनच गेलेले. कानाचं यंत्र लावलं तर नुसती खरखर ऐकू येते म्हणून त्यांनी ते काढून ठेवलेलं. साडूंचा हिशोब असा, की माणसाचा कान सगळाच्या सगळा जात नाही, कुठंतरी एखादी फट राहते. म्हणून हा माणूस प्रोग्राममागून प्रोग्राम चाळत होता, आणि मी लोडाला टेकून गाभा शोधत होतो.

त्यानंतर मी बोरीला गेलो, तो मत द्यायला नाही. भिंतीला टेकून बसलो. सासूबाई ओसरीवर तूर पाखडत होत्या. साडूंनी स्पीकर दारात ठेवला होता. तहसीलदार येऊन गेला, सासुरवाशीण रडून गेली. सुपाची लय काही मोडली नाही. मग एका प्रोग्रामच्या तळातून असा एक आवाज निघाला, की मी कानात बोटं घातली. चिखलात रुतलेला हेला, म्हणजे रेडा, ओरडावा, तसा. साडू तो बदलणार, एवढ्यात सूप थांबलं.

"कोन वाजवायलंय?" सासूबाई म्हणाल्या.

साडूंचा हात पट्टीवर तसाच राहिला. मेव्हणी चुलीपासून धावत आली. सासूबाई उठल्या, स्पीकरपाशी येऊन बसल्या आणि त्यावर तळवा ठेवला. साडूंनी त्याच आवाजात एक साधी चाल धरली, तीसुद्धा चुकतमाकत. सासूबाईंच्या ओठांची हालचाल होऊ लागली आणि थोड्या वेळानं त्या ओवी म्हणू लागल्या. सूर एकीकडं, चाल दुसरीकडं. साडू खाली मान घालून वाजवत होते आणि चष्मा पुसायला त्यांना हात मोकळा नव्हता.

ओवी संपली तशा त्या माझ्याकडं वळल्या. "जावाईबापू, तुमी पेटी लय चांगली वाजवता म्हनं. कशी असती हो? मला आपला भाता हालताना दिसायचा."

इतकी वर्षं परभणीला आल्या की त्या माझ्या भजनात अगदी पुढं बसायच्या आणि मान डोलवायच्या. बोलणं ऐकू येत नसलं तरी माझी पेटी त्यांच्या कानापर्यंत पोचते, असं मी धरून चाललो होतो. माझी खरी दर्दी श्रोती कोण, असं कुणी विचारलं असतं, तर मी त्यांच्याचकडं बोट दाखवलं असतं. जावयाला वाईट वाटू नये म्हणून त्या भात्याबरोबर मान हलवत होत्या.

साडू कीबोर्डवरून उठले आणि मला जागा करून दिली. मला येणारे सगळे अभंग मी त्या हेल्याच्या आवाजात वाजवले. रस्त्यानं जाणारी माणसं थांबून आत डोकावू लागली. सासूबाईंचा हात स्पीकरवरून हलला नाही. मी थांबलो की म्हणायच्या, "थांबू नका." पुढं त्या होत्या तोवर दर रविवारी मी बोरीला जात राहिलो. पेटी परभणीलाच ठेवायचो.