नखाएवढा पाऊस

आमच्या बेटावर सेलुकाची चेष्टा करण्यात मी सर्वांच्या पुढे, हे आधीच कबूल करतो. रोज सकाळी नऊला ती पर्जन्यमापकापाशी डोळा बारीक करून उभी राही. मी हाक मारी, "काय गं, नवरा सापडला का त्या नळीत?" ती म्हणे, "तुमच्यापेक्षा बरा आहे, खोटं बोलत नाही."

त्या वर्षी पाच महिने थेंब नव्हता. घरागणिक रोज एक बादली, तीही सभागृहाच्या छपराचं पाणी साठवणाऱ्या टाकीतून. टाकीची किल्ली पेनितालाकडे. मग एका रात्री पाऊस आला. सेलुकाने फळ्यावर लिहिलं : बारा मिलिमीटर. टाकीची पट्टी किलोलिटरची. तिच्यावर पाणी एक खूण आणि थोडं वर चढलं होतं.

झालं! म्हातारा तेफोतो सभेत गरजला, "बारा पडले, एक भरला. अकरा कुणी प्यायले?"

सगळे पेनितालाकडे बघायला लागले. किल्ली काढून घ्या, वर दंडाचं डुक्कर घ्या, अशी कुजबुज झाली. खरं सांगतो, ती थोडी मीही केली. बिचाऱ्याने किल्ली काढून तेफोतोपुढे ठेवली. चोर ठरलेल्याला आमच्याकडे कुणी आपल्या शेजारी चटई टाकू देत नाही.

सेलुका उठली. "आजोबा, माशांतून नारळ वजा करता का तुम्ही?"

तिने जमिनीवर फळ्यांची मीटरभर लांब, मीटरभर रुंद चौकट मांडली, आत प्लास्टिक अंथरलं. प्यायचं पाणी ओतायची कुणाची छाती होती? समुद्राचं आणलं. लिटरच्या बारा बाटल्या रिकाम्या केल्या. "आता बोट घाला."

तेफोतोने घातलं. नखापर्यंतच भिजलं. पट्टी लावली : बारा मिलिमीटर.

"मिली म्हणजे हजारावा भाग," ती म्हणाली, "किलो म्हणजे हजारपट. चौरस मीटरला बारा लिटर. सभागृहाच्या छपराचे चौरस मीटर शंभर. म्हणजे बाराशे लिटर. एक किलोलिटर आणि वर दोनशे."

आम्ही टाकीकडे धावलो. खुणेवरचं ते 'थोडं' मोजलं : एकशे ऐंशी.

"वीस?" तेफोतो.

"पत्र्याने प्यायले. त्यालाही पाच महिने तहान होती."

तेफोतो हळूच म्हणाला, "पोरी, आणि अख्ख्या बेटावर?"

"बेट दोन चौरस किलोमीटर. मिलिमीटरला वीस लाख लिटर. परवा रात्री दोन कोटी चाळीस लाख पडलं."

नखाएवढ्या पावसात एवढं पाणी! आणि आमच्या हाती त्यातलं बाराशेसुद्धा नाही. सत्तर वर्षं मी पावसात नुसता भिजत आलो होतो.

तेफोतोने किल्ली पेनितालापुढे धरली. त्याने हात मागे घेतला.

"आधी तुमच्या घराचा पत्रा मोजू द्या," तो म्हणाला. "पन्हळ लावायचीय."