मधल्या सुट्टीत एक गडी कमी

लोणंदला शिकवत होते तेव्हा मधल्या सुट्टीची घंटा झाली की मी आधी शिट्टी शोधायचे. शाळा मोठी आणि पोरं त्याहून दांडगी. खिचडीच्या रांगेत ढकलाढकली, नळावर धिंगाणा, मैदानात कुणी ना कुणी कुणाच्या तरी उरावर बसलेलं. शिट्टी फुंकायची, ओरडायचं, दोघांच्या मानगुटी धरून त्यांना वेगळं करायचं. संध्याकाळी घरी बोलायला आवाज उरायचा नाही. एखादी शांत शाळा मिळावी, असं तेव्हा मला अगदी मनापासून वाटे.

सासर तासगावकडचं, म्हणून मी बदली मागून घेतली. मिळाली ती द्राक्षबागांमधली वस्तीशाळा. पाच पोरं, मी आणि सदैव कुठल्या तरी मीटिंगला गेलेले दुसरे गुरुजी. पाच जणांत कसली आलीय मारामारी, अशा भ्रमात मी होते. पण तिसरीत एका फौजीचा मुलगा होता. तो एकटाच सगळ्या लोणंदला पुरून उरला असता. चौथीतल्या मुलीशी त्याचं रोज भांडण ठरलेलं.

"आउट हाईस तू!"

"न्हाई! बाई, सांगा की हिला!"

पाच जणांचे दोन संघ सारखे होईनात, म्हणून मी सहावा गडी झाले. पदर खोचून बेदाण्याच्या शेडजवळ उभी राहायचे. गुडघा कुरकुरायचा. झेल सुटला की तो पोरगा कमरेवर हात ठेवून विचारायचा, "बाई, रात्री झोप झाली न्हाई व्हय?" आणि सगळ्यांबरोबर मीही हसायचे. नोकरीतलं ते माझं सर्वांत सुखाचं वर्ष होतं, आणि हे मला तेव्हा कळलं नाही.

जूनमध्ये ती मुलगी पाचवीला तासगावच्या शाळेत गेली. नवीन कुणी आलंच नाही, पिवळ्या बसमधून सगळी इंग्रजी शाळेकडे. राहिला तो आणि दुसरीतली तीन चिमुरडी. चौघांचे दोन संघ सारखे झाले, म्हणून मी पायरीवर बसू लागले. चिमुरड्यांना आउट दिलं की ती रडायची. हा बिचारा हळू चेंडू टाकायचा, मुद्दाम हरायचा. मग एक दिवस बॅट भिंतीला टेकवून माझ्याशेजारी पायरीवर येऊन बसला.

"काय रे, खेळत नाहीस?"

"ह्यास्नी खेळाय येत न्हाई, बाई."

त्यानंतर तो रोजच तिथे बसू लागला. धाकट्यांना पाणी द्यायचा, त्यांच्या बुटांच्या नाड्या बांधायचा. भांडण नाही, आरडाओरडा नाही. केंद्रप्रमुख भेटीला आले ते नेमके मधल्या सुट्टीत. "वा बाई, सुट्टीतसुद्धा काय शिस्त आहे!" म्हणाले. मी हसून मान डोलावली. खरं तर मला रडू येत होतं. नऊ वर्षांचं पोर असं म्हाताऱ्यासारखं बसलेलं कुणाला बघवेल?

दिवाळीत त्याचे वडील सुट्टीवर आले आणि शाळा उघडताच त्याला घेऊन दाखला मागायला दारात उभे राहिले. मी तयारीतच होते. त्याचं वाचन, त्याचे पाढे, पुढच्या शिष्यवृत्ती परीक्षेची तयारी, सगळं धडाधडा सांगितलं.

"मॅडम, शिकवण्यात तुमचा काय बी प्रॉब्लेम न्हाई," ते म्हणाले. "तुमच्यासारखं तिकडं कोण शिकवंल, देव जाणे. पण पोरगं सुट्टीत कुणाबरं खेळणार? घरी आलं की गप बसतंय. लय गप बसतंय."

मी कपाटातून दाखल्यांचं पुस्तक काढलं. त्याला थांबवायचं कशासाठी? माझ्या पटावर एक नाव टिकावं म्हणून? मी दाखला लिहिला. शिक्का मारून त्यांच्या हातात दिला.

ते मोटारसायकलकडे गेले. पोरगा मात्र दारातच घुटमळत राहिला. नव्या शाळेत सुट्टीत दोन-दोन मॅची चालतात, असं त्याने मला सांगितलं. त्याच्या तोंडावर किती दिवसांनी तो जुना उजेड दिसला. मग त्याने एकदा मैदानाकडे पाहिलं आणि एकदा माझ्याकडे.

"बाई, मग तुमी कुणाबरं खेळणार?"

"पळ," मी म्हणाले, "बाबांनी गाडी सुरू केलीय."