तीन पानं आणि मी न पाहिलेला डोंगर

लोक आपल्याला आलेल्या अनुभवाबद्दल लिहितात. मी मात्र माझ्या हातून निसटलेल्या अनुभवाबद्दल लिहायला बसले आहे. तो माझ्या सासूबाईंना आला, माझ्या मुलीला आला, आणि जिचं नावही आम्हाला ठाऊक नाही अशा एका परक्या बाईलाही बहुधा आला असावा. मीसुद्धा तिथेच होते, चार पावलांवर. पण माझी पाठ तिकडे होती आणि मी बाहेर जायची वाट शोधत होते. त्याला आता बराच काळ लोटला, तरी सोमवार आला की मनाला चुटपुट लागतेच.

आम्ही अमेरिकेतल्या कॅरी गावात राहतो. मी एका औषध कंपनीत काम करते आणि माझा स्वभाव कामासारखाच आहे, म्हणजे सगळं आधी ठरलेलं हवं. देवावर माझा राग नव्हता, पण फारसा भरवसाही नव्हता. तो सासूबाईंचा प्रांत. त्या मिरजेहून दर दोन-तीन वर्षांनी येतात, आमच्या लाँड्रीच्या खोलीशेजारच्या कपाटात छोटंसं देवघर मांडतात आणि सोबत आणलेल्या बोटाएवढ्या पिंडीची दर सोमवारी पूजा करतात. मिरजेला त्यांच्या अंगणात बेलाचं झाड आहे. इथे येताना बेल आणू नका, एअरपोर्टवर काढून घेतात आणि वर चौकशी करतात, असं मीच त्यांना फोनवर बजावलं होतं. त्यांनी ऐकलं. त्या माझं नेहमीच ऐकतात, हीच खरी अडचण आहे.

मग एका सोमवारी त्यांनी घरामागच्या झाडीत फिरायला जाऊन स्वतःच सोय केली. झाडावर चढलेल्या एका वेलीला अगदी बेलासारखी तीन-तीन पानं होती. त्यांनी ती ओंजळभर खुडली, धुतली आणि पिंडीवर वाहिली. ती पॉयझन आयव्ही होती. इथल्या शाळेतल्या पोरांनाही ठाऊक असतं की तीन पानांच्या वेलीला हात लावायचा नाही, पण मिरजेच्या बाईला तीन पानं दिसली की तिचे हात जोडले जाणारच. दुसऱ्या दिवशी दोन्ही हात सुजले, मनगटापर्यंत फोड आले. अर्जंट केअरमध्ये मी डॉक्टरांना काय झालं ते सांगत होते आणि सासूबाई हसत होत्या. "त्याने हलाहल पचवलंय गं," म्हणाल्या, "त्याला काही होणार नाही. मलाच पचलं नाही." मी हसले नाही. घरी येऊन मी नियम केला, की आई, यापुढे मला दाखवल्याशिवाय कुठलंही पान हातात घ्यायचं नाही. त्या नुसतं "बरं" म्हणाल्या आणि त्यानंतर पिंडीवर अक्षता वाहू लागल्या.

त्यांना आयुष्यभर कैलासाला जायचं होतं. आधी मुलांच्या शाळा, मग सासऱ्यांचं आजारपण, मग गुडघे, आणि शेवटी वयच आडवं आलं. माझी मुलगी इरा कॉलेजात आहे. तिने एकदा आजीला लॅपटॉपवर पेरूमधल्या माचू पिचूचे फोटो दाखवले. ढगांत बसलेलं दगडी गाव, मागे उभा सुळका, खाली दरीत वळसे घेत जाणारी नदी. सासूबाई बराच वेळ बघत राहिल्या आणि म्हणाल्या, "कैलास नव्हे. पण डोंगर बघितलास का कसा बसलाय? एवढ्या उंचावर दुसरं कोण बसणार?" इरा म्हणाली, "आजी, लेट्स गो. इथे बस जाते, ट्रेन जाते, तुला चालावंच लागणार नाही." डॉक्टरांनी हो म्हटलं. नवऱ्याच्या ऑफिसात नेमकं त्याच आठवड्यात नव्या सॉफ्टवेअरचं गो-लाइव्ह आलं, त्याने तिकीट कॅन्सल केलं, आणि आम्ही तिघीच निघालो.

निघण्याआधी शेजारच्या मॉरिसव्हिल गावातल्या ओळखीच्या एका काकांनी मला बाजूला घेऊन सांगितलं होतं, "तिथे कोकाच्या पानांचा चहा देतात, तो चुकून घेऊ नका यार. त्या पानांपासून कोकेन बनतं, ड्रग टेस्टमध्ये येतं म्हणतात. तुमचा सिटिझनशिपचा इंटरव्ह्यू आहे ना?" इंटरव्ह्यू तोंडावर आला होता. त्यासाठी आम्ही किती वर्षं वाट पाहिली होती, ते या देशात व्हिसावर राहिलेल्या कुणालाही सांगायला नको. ते वाक्य माझ्या डोक्यात घर करून बसलं. पेरूतल्या कुस्को शहरात उतरल्यावर उंचीमुळे सासूबाईंचं डोकं ठणकू लागलं, दोन पावलं टाकली की दम लागायचा. हॉटेलातल्या मुलीने त्यांच्यासाठी उतारा म्हणून तोच कोकाचा चहा आणला आणि मी तो परत पाठवला. सासूबाईंचा ना इंटरव्ह्यू होता ना टेस्ट. पण भीती अशी हिशेबाने वागत नाही. त्या निमूटपणे गरम पाणी प्यायल्या.

तिथून ट्रेनने खाली उतरलो तसा त्यांचा श्वास मोकळा झाला. नदीच्या काठाकाठाने गाडी जात होती आणि दोन्ही बाजूंचे डोंगर इतके जवळ आले होते की आकाश बघायला खिडकीतून वाकावं लागत होतं. सासूबाई प्रत्येक वळणावर हात जोडत होत्या. पायथ्याच्या गावातून बस नागमोडी वाटेने वर चढली, आणि फाटकाशी उतरलो तेव्हा समोर फक्त धुकं होतं. फोटोतलं गाव नाही, सुळका नाही, दरी नाही. तिकिटावर आत जायची वेळ ठरलेली असते आणि वाट एकाच दिशेने जाते, मागे फिरता येत नाही. त्यामुळे मी दोघींना घाई करत आत नेलं. जवळच्या भिंती तेवढ्या दिसत होत्या. सासूबाईंनी एका भिंतीवरून तळवा फिरवला आणि म्हणाल्या, "हे आपल्या हेमाडपंती देवळांसारखंच आहे गं. कुठे चुना म्हणून नाही." त्यांना थोडं थांबायचं होतं. मी म्हटलं, "आई, पुढे चला, मागे लोक आहेत."

मग दगडी पायऱ्यांचा एक चढ आला. तो चढून आम्ही एका मोकळ्या जागेत पोचलो. तिथे माणसाहून उंच अशी एक रुंद शिळा उभी आहे. तिच्या मागे जो डोंगर आहे त्याच्याच आकाराची ती घडवली आहे असं म्हणतात, पण मागे तर पांढऱ्या धुक्याशिवाय काही नव्हतं. तिथे सासूबाई एकदम खाली बसल्या. चेहरा राखेसारखा झाला, ओठ कोरडे पडले, आणि त्यांना बोलता येईना. पहारेकऱ्याने लांबून शिट्टी वाजवली, कारण वाटेत बसायला मनाई होती. मागे जाता येत नाही आणि पुढची वाट किती लांब आहे ते माहीत नाही. तेव्हा मला एवढंच कळत होतं की यांना काही झालं तर मी नवऱ्याला तोंड दाखवू शकणार नाही.

गर्दीतून एक म्हातारी बाई पुढे आली. दोन लांब वेण्या, डोक्यावर टोपी, पाठीला रंगीत कापडाची झोळी. आमच्यासारखीच तीही बघायला आलेली होती, तिची माणसं पुढे निघून गेली होती. ती सासूबाईंच्या मागे जमिनीवर बसली आणि त्यांची पाठ तिने आपल्या छातीशी टेकवून घेतली, बाळंतिणीला धरतात तशी. त्यांचे तळवे चोळले, पाण्याचे घोट पाजले, आणि शिट्टीवाल्याला बसल्या जागेवरून असं काही सुनावलं की तो येऊन आमच्याशेजारी उभा राहिला आणि लोकांना बाजूने वाट काढून देऊ लागला. हळूहळू सासूबाईंच्या चेहऱ्यावर रंग परतला. इरा तिच्याशी शाळेत शिकलेलं स्पॅनिश बोलली. ती बाई हसून म्हणाली की ही डोंगराला भेटायला आलीय ना, मग रिकाम्या हाताने कशी भेटेल?

तिने कमरेच्या कापडी पिशवीतून पानं काढली, निवडून निवडून तीन चांगली अखंड पानं घेतली, देठ एकत्र धरून ती पंख्यासारखी पसरली, आणि धुक्याकडे तोंड करून त्यांच्यावर हळूच फुंकर घातली. काहीतरी पुटपुटली. मग ती सासूबाईंच्या हातात दिली. सासूबाईंनी ती पाहिली मात्र, त्यांचे डोळे भरून आले. त्यांनी पानं कपाळाला लावली. "बेल," त्या म्हणाल्या. त्या विषारी वेलीनंतर कित्येक महिन्यांत त्यांच्या हाती आलेलं ते पहिलं त्रिदळ होतं.

मला ती पानं ओळखू आली. कोका. क्षणात मला सुजलेले हात आठवले, काका आठवले, इंटरव्ह्यू आठवला, शेजारी उभा असलेला पहारेकरी दिसला. मी वाकले आणि त्यांच्या हातातून ती पानं काढून घेतली. "आई, नको. हे नाही घ्यायचं." इरा म्हणाली, "मॉम, स्टॉप. शी'ज जस्ट हेल्पिंग." मी तिला गप्प केलं, पानं त्या बाईच्या हातात परत कोंबली, अर्धवट आभार मानले आणि सासूबाईंना दंडाला धरून उठवलं. त्यांचा रिकामा झालेला तळवा तसाच उघडा राहिला होता. तो उघडा तळवा मी अजून विसरलेले नाही.

त्या निघाल्या, पण उलट्या पावली. देवळातून निघताना देवाला पाठ दाखवायची नाही, म्हणून मागे सरत सरत जायची त्यांची सवय. मी त्यांचा हात धरून पुढे चालले होते आणि त्या शिळेकडे तोंड करून माझ्यामागे सरकत होत्या. त्यांच्या शेजारून इरा त्यांना सावरत होती. मी वैतागून म्हटलं, "आई, सरळ चाला, पडाल." तेवढ्यात सासूबाईंचा हात माझ्या हातात घट्ट झाला आणि त्या थांबल्या. मी मागे वळले नाही. मला बाहेरची वाट दाखवणारी पाटी दिसली होती.

माझ्या पाठीमागे काय झालं ते इराने मला हॉटेलात सांगितलं. मी पाठ फिरवल्यावर त्या बाईने तीच तीन पानं शिळेच्या पायाशी एका खड्याखाली ठेवली. मग सासूबाईंकडे बोट केलं आणि डोंगराकडे बोट केलं, जणू कोणी पाठवलंय ते सांगत होती. आणि त्याच वेळी धुकं बाजूला झालं. शिळेमागे तोच आकार उभा होता, आभाळाएवढा. थोडा वेळच. मी पाटी वाचून मागे पाहिलं तेव्हा पुन्हा सगळं पांढरं होतं, आणि मला वाटलं, आज काहीच दिसलं नाही. इराने फोटो काढला नव्हता, तिचे दोन्ही हात आजीला धरण्यात गुंतले होते. हा योगायोग होता की आणखी काही, यावर मी वाद घालणार नाही. वाद घालायला आधी पाहावं तरी लागतं.

सिटिझनशिपचा इंटरव्ह्यू झाला. कुठल्याही पानांबद्दल कोणी काही विचारलं नाही. बाहेर येऊन मी गाडीत बसले आणि रडू आलं. नवऱ्याला वाटलं, आनंदाने रडतेय.

सासूबाई मिरजेला परत गेल्या. आता त्यांचं हृदय थकलंय आणि डॉक्टर विमानप्रवासाला नाही म्हणतात, तेव्हा त्यांना पुन्हा तिथे नेईन ही माझी सगळी आखणी धुळीला मिळाली. एकदा व्हिडिओ कॉलवर मला राहवलं नाही. मी म्हटलं, "आई, मी तुमच्या हातातून बेल काढून घेतला. मला माफ करा." त्या जरा गोंधळल्या, जणू मी भलतंच काही आठवून बोलते आहे. "अगं, तो तर वाहिला गेला," म्हणाल्या. "त्याला काय, कुणाच्याही हाताने पोचतं. तू घाबरली होतीस, ते मला कळत होतं. मला वाईट वाटलं ते तुझं. एवढ्या लांब मला घेऊन गेलीस, सगळं तू केलंस, आणि दर्शन तेवढं तुझंच राहिलं." इतके महिने मी समजत होते की त्यांच्या मनात माझ्याबद्दल अढी आहे. त्यांच्या मनात माझ्यासाठी हळहळ होती.

मी भक्त झाले असं म्हणणार नाही. पण त्यांची पिंडी त्या इथेच ठेवून गेल्या आहेत, आणि सोमवारी मी तिच्यावर अक्षता वाहते. मग उलट्या पावली मागे सरते. पाठीला कपड्यांचा ड्रायर लागतो तिथे थांबते. सगळं आपल्या हाताने सांभाळायची माझी सवय काही सुटलेली नाही, पण निदान त्या तेवढ्या पावलांपुरती मी वाट शोधत नाही. त्या अनोळखी बाईचे आभार मी नीट मानले नाहीत, ते रोज मनातल्या मनात मानते. ज्याला मी पाठ दाखवली त्याचेही मानते, कारण माझ्या हाताने अडवलेलं त्याने दुसऱ्या हाताने घेतलं.

पूजा झाली की मी मिरजेला फोन लावते. दर वेळी एकच विचारते, "आई, कसा होता तो?" त्यांनाही सांगायचा कंटाळा येत नाही.

"जवळ होता गं," त्या म्हणतात. "अगदी जवळ. तू नुसता हात मागे केला असतास, तरी लागला असता."