हत्तीला लागलेली बोटं

मी पहिल्या बोर्डावरचं घड्याळ थांबवलं, तेव्हा हेंड्रिकनं माझ्याकडं असं पाहिलं, जणू मी त्याचा खिसाच कापला.

हेंड्रिक हॉलंडचा ग्रँडमास्टर. पन्नाशी उलटलेला. ग्रँडमास्टर ही बुद्धिबळातली सर्वांत मोठी पदवी. ती एकदा मिळाली की जन्मभराची. रेटिंग मात्र खेळाबरोबर वरखाली होतं. ऐन उमेदीत तो आपल्या देशाच्या टीममधून पहिल्या बोर्डावर खेळायचा. आता रेटिंग घसरत होतं आणि तो मिळेल ती ओपन स्पर्धा खेळत देशोदेशी फिरत होता. तसाच नांदेडला आला. मी नांदेड जिल्ह्यातल्याच लोह्याचा; तिथं चीफ आर्बिटर, म्हणजे मुख्य पंच.

त्याच्यासमोर आमच्याच जिल्ह्यातल्या मुखेडची प्रज्ञा वाघमारे. जिल्हा परिषदेत ज्युनिअर इंजिनिअर, रजा टाकून आलेली. तिनं चाल केली, घड्याळाचं बटण दाबलं आणि मान खाली घालून चाल लिहू लागली. हेंड्रिककडं वेळ थोडा होता. त्याचा हात झपकन आपल्या हत्तीवर गेला. बोटं टेकली. मग हात मागं आला आणि त्यानं उंट हलवला.

आमच्यात याला टच-मूव्ह म्हणतात. ज्या मोहऱ्याला हात लावला, तेच खेळायचं. नुसतं नीट ठेवायचं असेल तर आधी तसं बोलून दाखवायचं. तो काहीच बोलला नव्हता.

"यू टच्ड द रूक," मी म्हणालो. रूक म्हणजे हत्ती.

"नो."

मी प्रज्ञाकडं वळलो. "तुम्ही पाहिलं का?"

"न्हाई सर. मी लिहून राहिले होते."

आयोजक डॉक्टर जाधव धावत आले. मला बाजूला ओढून म्हणाले, "सर, काय करून राहिलात? परदेशी पाहुणा हाय. ती पोरगी काही म्हणंना, अन् तुम्हीच कशाला?"

"मी पाहिलंय, डॉक्टर."

"पक्कं?"

"पक्कं."

मी निर्णय दिला: हत्तीच खेळायचा. हत्ती हलला आणि त्याचा राजा उघडा पडला. थोड्याच चालींत त्यानं डाव सोडला. प्रज्ञाशी हात मिळवला, माझ्याकडं पाहिलंही नाही. आणि अपील केलं.

अपील कमिटी जेवणानंतर बसणार होती. मी जेवायला गेलो नाही. रिकाम्या हॉलमध्ये गेलो. एका ओळखीच्या माणसाला पहिल्या बोर्डावर बसवून हत्तीवर हात न्यायला सांगितलं आणि मघाशी होतो तिथं उभा राहिलो. एकदा त्यानं बोट टेकवलं, एकदा जरासं वर धरलं. मला दोन्ही सारखंच दिसलं.

दारात प्रज्ञा उभी होती. "सर, अपील मान्य झालं तर?"

"तर डाव उंटाच्या चालीपासून पुन्हा."

"मग घ्या की पुन्हा. लोक म्हणून राहिलेत, लोह्याच्या सरांनी मुखेडची पोरगी जितवली. मला असं जिंकायचं न्हाई."

मी घड्याळ बघितलं आणि कमिटीच्या खोलीकडं निघालो.

कमिटीत तिघं होते; हेंड्रिक आणि जाधवही येऊन बसले होते. अध्यक्ष लातूरचे जुने खेळाडू. त्यांनी सरळ विचारलं, "दिसलं, का वाटलं?"

"दिसलं. पण बोट आणि हत्तीमध्ये केसाएवढी जागा असती, तर मी होतो तिथून ती दिसली नसती. आत्ताच तपासून आलोय."

जाधवांनी कपाळाला हात लावला. हेंड्रिकनं विचारलं, हे काय बोलले? अध्यक्षांनी इंग्रजीत सांगितलं. हेंड्रिक हळू आवाजात म्हणाला, "जागा नव्हती. मी हात लावला होता." आणि अपील मागं घेतलं.

बाहेर व्हरांड्यात तो माझ्याजवळ थांबला. "पूर्वी माझं डोकं आधी पोचायचं," तो म्हणाला, "हात मागून. आता हात आधी पोचतो." त्याचं हसू अर्ध्यातच विरलं.

उरलेले डाव तो निमूट खेळला. बक्षिसात कुठंच आला नाही. पुढं कळलं, त्यानं स्पर्धा सोडल्या आणि आता तो आपल्या गावी पोरांना बुद्धिबळ शिकवतो. प्रज्ञाचा विजय कायम राहिला. ती मात्र कुणी अभिनंदन केलं की अजून विषय बदलते.

नवीन आर्बिटरना मी एवढंच सांगतो. जे दिसलं ते लगेच सांगा आणि जे दिसू शकलं नसतं तेही सांगा. दुसरं सांगताना घसा कोरडा पडतो, तेव्हा जवळ पाणी ठेवा.